मेटॅलिकाला ज्या गाण्यावर ग्रॅमी मिळाला, ते गाणं सुरू करणारा गडी पाचगणीच्या शाळेत शिकला होता

२० फेब्रुवारी १९९१. न्यूयॉर्कमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा सुरू होता. मेटल गटातला पुरस्कार जाहीर झाला आणि नाव आलं मेटॅलिकाचं. यात धक्का बसावा असं काही नव्हतं. त्या काळात मेटल म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच निघायचं.

गंमत वेगळीच होती. ज्या गाण्यासाठी हा ग्रॅमी मिळाला ते गाणं मेटॅलिकाचं नव्हतंच.

'स्टोन कोल्ड क्रेझी' नावाचं ते गाणं क्वीन या ब्रिटिश बँडने १९७४ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. आणि त्याची पहिली कच्ची आवृत्ती त्याच्याही आधीची. क्वीन हा बँड जन्मालाही आला नव्हता, तेव्हा लंडनमधला एक पोरगा आपल्या जुन्या बँडसोबत ते वाजवत होता.

त्या पोराचं नाव फारुख बुलसारा. शाळा सेंट पीटर्स, पाचगणी, जिल्हा सातारा.

जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणतं.

आता फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे काय येतं ते सांगू शकतो. मिशी, पिवळं जॅकेट, हातात अर्धा माईक स्टँड आणि समोर लाखभर माणसं. कॉलेजच्या गॅदरिंगपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत दोनदा धप आणि एकदा टाळी वाजते ते 'वी विल रॉक यू' तर सगळ्यांनाच पाठ आहे. २०१८ च्या सिनेमानंतर तर फ्रेडी रील्समध्येसुद्धा आला.

पण मेटल ऐकणाऱ्यांचा फ्रेडी थोडा वेगळा आहे. त्यांना विचारलं तर ते तुम्हाला १९७४ च्याच एका अल्बमकडे घेऊन जातात. अल्बमचं नाव 'क्वीन टू'. त्यातही पूर्ण अल्बम नाही, त्याची फक्त काळी बाजू.

ही काळी बाजू नेमकी काय भानगड आहे, ते कळायला आधी झांझिबारला जावं लागेल.

झांझिबार म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट, लवंगांसाठी प्रसिद्ध. तेव्हा तिथे सुलतान होता आणि त्याच्यावर ब्रिटिशांचं संरक्षण. या बेटावरच्या स्टोन टाउनमध्ये ५ सप्टेंबर १९४६ ला फारुखचा जन्म झाला. वडील बोमी, आई जेर. दोघंही गुजरातकडचे पारशी. बुलसारा हे आडनावच मुळी बुलसारवरून आलेलं. बुलसार म्हणजे आजचं वलसाड. बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. सहा वर्षांनी फारुखला बहीण झाली, कश्मीरा.

घरचं बरं होतं, नोकरचाकर होते. पण बेटावर मुलाच्या शिक्षणाचं काय? त्या काळी साम्राज्यात ठिकठिकाणी पसरलेले पारशी पोरांना शिकायला हिंदुस्थानात पाठवायचे. बुलसारांनीही तेच केलं. जेमतेम आठ वर्षांच्या फारुखला जहाजात बसवलं आणि तो हिंदी महासागर ओलांडून मुंबईला, तिथून पाचगणीला आला.

पाचगणी आपल्याला स्ट्रॉबेरी आणि टेबल लँडमुळे माहीत. पण इंग्रजांच्या काळापासून या गावाची खरी ओळख बोर्डिंग शाळांची. सेंट पीटर्स ही त्यातलीच एक, पक्की इंग्रजी शिस्तीची. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घंटेवर झोपायचं.

आठ वर्षांचं लेकरू. घर समुद्रापलीकडे. आईवडिलांची भेट वर्षवर्षभर नाही. सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईत आजी आणि मावशीकडे काढायच्या. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढलेत त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. आमच्या मराठवाड्यातली निम्मी पोरं नांदेड-लातूरच्या होस्टेलवर मोठी होतात, पण त्यांना निदान शनिवारी एसटी तरी असते.

त्यात फारुखच्या वरच्या जबड्यात जास्तीचे दात होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं चिडवायची. आयुष्यभर तो हसताना ओठ दातांवर ओढून घ्यायचा, ती सवय तेव्हाची. मोठेपणी पैसा आला तरी त्याने ते दात काढले नाहीत. आवाज बदलेल अशी त्याला भीती होती.

पण याच शाळेने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे नाव. फारुख म्हणायला अवघड जातं म्हणून मित्र आणि मास्तर त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. दुसरी गोष्ट पियानो. पोराला कान आहे हे शाळेच्या लक्षात आलं. मुख्याध्यापकांनी घरी पत्र पाठवून जादा फी भरून शिकवणी लावायला सांगितलं, बुलसारांनी ती लावली. फ्रेडी पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत पोहोचला. त्याचे तेव्हाचे मित्र सांगतात की रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो सरळ पियानोवर बसून वाजवायचा.

मग शाळेतल्या पाच पोरांनी मिळून बँड काढला, 'द हेक्टिक्स'. एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची. बेस गिटार कुठून आणणार? चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा आणि तार लावून काम भागवलं. आणि यातला सगळ्यात भारी भाग ऐका, मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. तो मागे पियानोवर. गायला पुढे ब्रूस मरे नावाचा पोरगा. ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला. गिटारवाला डेरिक ब्रांच इंग्लंडला जाऊन अभिनेता झाला. पाचगणीच्या त्या हॉलमध्ये बसलेल्या कुणाला सांगितलं असतं की यातला मागे बसलेला पोरगा जगातला सगळ्यात मोठा गायक होणार आहे, तर हसले असते लोक.

त्याच्यावरच्या सुरुवातीच्या प्रभावांमध्ये चरित्रकार लता मंगेशकरांचंही नाव घेतात. पन्नासच्या दशकात मुंबईत सुट्टी घालवणाऱ्या पोराच्या कानावर लताबाई पडल्या नसतील तरच नवल.

१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. घर परत मिळालं असं वाटलं असेल, पण ते सुख फार टिकलं नाही. १२ जानेवारी १९६४ ला बेटावर क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, हजारो माणसं मारली गेली. बुलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन निघालं आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात येऊन पडलं. नोकरचाकर गेले, छोटं घर, थंडी आणि नव्याने नोकरी शोधणारा बाप.

फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा. आठव्या वर्षी एकदा घर सुटलं होतं, आता दुसऱ्यांदा.

हा काळ लक्षात ठेवा. साठच्या दशकातलं इंग्लंड सावळ्या माणसासाठी काही सोपी जागा नव्हती. घर भाड्याने मिळायचं नाही, रस्त्यात आशियाई दिसला की मारहाण व्हायची. १९६८ मध्ये तर इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध असं भाषण ठोकलं की त्याच्या समर्थनार्थ लंडनच्या गोदी कामगारांनी मोर्चे काढले. त्या वर्षी फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकत होता आणि जिमी हेंड्रिक्सची चित्रं काढून भिंती भरत होता.

१९६९ मध्ये त्याच्या हातात डिप्लोमा आला. पोटासाठी त्याने हीथ्रोवर सामान उचललं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. सोबत गाणं चालूच होतं. आधी 'आयबेक्स' नावाचा बँड, त्याचंच नाव पुढे 'रेकेज' झालं, मग 'सावर मिल्क सी'. एकही टिकला नाही. पण आयबेक्स-रेकेजच्या दिवसांतून दोन गोष्टी शिल्लक राहिल्या. एक, तो अर्धा माईक स्टँड. चालू कार्यक्रमात स्टँडचा खालचा भाग निखळला आणि हा तसाच वरचा दांडा घेऊन नाचत राहिला, अशी कथा सांगतात. दुसरी, एका गाण्याचा कच्चा आराखडा. त्याची चाल तेव्हा संथ होती. ते गाणं म्हणजे 'स्टोन कोल्ड क्रेझी'.

१९७० मध्ये 'स्माइल' नावाच्या बँडचा गायक सोडून गेला. उरले दोघे. गिटारवर ब्रायन मे, जो खगोलशास्त्र शिकत होता आणि ज्याची गिटार त्याने बापासोबत घरीच, जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीपासून बनवली होती. ड्रमवर रॉजर टेलर. फ्रेडी त्यांच्यात आला आणि आल्या आल्या बँडचं नाव बदलून 'क्वीन' ठेवायला लावलं. स्वतःचंही नाव बदललं. बुलसारा मागे टाकलं, मर्क्युरी घेतलं. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं, चौघांच्या राशींवरून. दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. १९७१ मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये आला. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत, दुसऱ्यांचं काम संपल्यावर उरलेल्या वेळेत, रात्री-अपरात्री रेकॉर्ड केलेला. तो फारसा चालला नाही.

पण दुसऱ्या अल्बमसाठी त्यांना हक्काचा वेळ मिळाला. ऑगस्ट १९७३. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

तेव्हा गाणी तबकडीवर यायची, म्हणजे अल्बमला दोन बाजू असायच्या. कंपन्या त्यांना साइड वन, साइड टू म्हणायच्या. क्वीनने म्हटलं, आमची एक पांढरी बाजू असेल आणि एक काळी. पांढऱ्या बाजूवर बहुतेक गाणी ब्रायन मेची, एक रॉजरचं. काळ्या बाजूवर सहाच्या सहा गाणी फ्रेडीची. इथे पारशी धर्मातला प्रकाश आणि अंधाराचा झगडा शोधायचा मोह होतो, आणि बऱ्याच जणांनी तो शोधलाही आहे. मला तरी ते ओढूनताणून वाटतं. त्यापेक्षा त्या सहा गाण्यांत काय आहे ते पाहिलं तर जास्त सापडतं.

त्यात एक राज्य आहे. त्याचं नाव ऱ्हाय. हे राज्य फ्रेडीने बहीण कश्मीरासोबत कल्पनेत रचलं होतं असं सांगितलं जातं. त्या राज्यात राक्षसांची लढाई आहे, काळी राणी आहे, पऱ्या आहेत, सात समुद्र आहेत. पहिलं गाणं 'ऑगर बॅटल', म्हणजे सरळसरळ राक्षसांचं युद्ध. पियानोवाल्या फ्रेडीने हे गाणं गिटारवर रचलं. त्याची सुरुवात ऐकताना काहीतरी चुकलंय असं वाटतं, आवाज आत ओढल्यासारखा येतो. कारण त्यांनी गाण्याचा शेवट टेपवर उलटा फिरवून सुरुवातीला लावला आहे. मग गिटारची ती धावती, कापत जाणारी फ्रेज सुरू होते, जिला मेटलमध्ये रिफ म्हणतात, आणि मागून किंकाळ्या येतात. १९७३ मध्ये हे रेकॉर्ड झालंय यावर आजही विश्वास बसत नाही.

लगेच जोडून येतं 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक'. हे नाव एका चित्राचं आहे. रिचर्ड डॅड नावाच्या चित्रकाराने बापाचा खून केला, त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि तिथे बसून त्याने वर्षानुवर्षं खपून हे चित्र काढलं. इंचाइंचावर छोटी छोटी माणसं, पऱ्या, गवताची पाती. चित्र लंडनच्या टेट गॅलरीत आहे. फ्रेडीने ते पाहिलं आणि वेडा झाला. बँडच्या लोकांना ओढून गॅलरीत नेलं, चित्र दाखवलं आणि त्या चित्रातली पात्रं गाण्यात आणली. त्यात हार्पसिकॉर्डही तोच वाजवतो.

मग 'नेव्हरमोर' हे छोटं, फक्त पियानोचं हळवं गाणं, आणि त्याच्या पाठीला लागून 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'. साडेसहा मिनिटांचं. यात ताल बदलतो, सूर बदलतो, कधी कुजबुज, कधी शंभर माणसांचा कोरस, मधेच गिटारचा कहर. पुढच्या वर्षी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं तेव्हा जग चक्रावलं, पण ज्यांनी काळी बाजू ऐकली होती त्यांच्यासाठी ती तालीम आधीच झालेली होती.

ते शंभर माणसांचे आवाज मुळात तिघांचे होते. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर एका माईकसमोर उभे राहायचे, एक ओळ गायचे. मग तीच ओळ परत. मग वरच्या सुरात, मग खालच्या. प्रत्येक वेळी आधीच्या आवाजावर नवा आवाज टेपवर चढवायचा. ट्रॅक संपले की सगळे एकत्र करून जागा मोकळी करायची आणि परत सुरू. कॉम्प्युटर नाही, कॉपी-पेस्ट नाही. चुकलं की पुन्हा गा.

मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं घरातली मोठी माणसं म्हणतात तेव्हा मी त्यांना आमच्या सहस्रकुंडाचा दाखला देतो. मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचा. तिथून जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. पावसाळ्यात तिथे उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, नुसता एक गडगडाट अंगावर येतो. पण थोडा वेळ थांबा. मग लक्षात येतं की तो एक आवाज नाही. खडकाखडकांतून वेगळी धार पडतेय आणि प्रत्येकीचा सूर वेगळा आहे. काळी बाजू हेडफोनवर ऐकताना तसंच होतं.

आणि ही गोष्ट गाण्याच्या रांगेत सांगायची पद्धत आपल्याला काही परकी नाही. राक्षस आले, देव आले, सोंगं आली, एका पात्राचं संपताच दुसरं पुढे. भारूड, गोंधळ, दशावतार पाहिलेल्या माणसाला ती काळी बाजू पहिल्याच फटक्यात कळावी. इंग्लंडच्या समीक्षकांना ती कळली नाही.

अल्बम ८ मार्च १९७४ ला आला. खरं तर आणखी आधी यायचा, पण तेव्हा जगभर तेलाचं संकट होतं, इंग्लंडमध्ये वीज वाचवायचे आदेश निघालेले, त्यात तो लांबला. समीक्षकांनी तर धुतलाच. अतिरंजित, पोकळ, दिखाऊ, असा एकूण सूर. पण एक योगायोग कामाला आला. २१ फेब्रुवारीला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात डेव्हिड बोवीचं फुटेज मिळालं नाही आणि ऐनवेळी क्वीनला बोलावलं. त्यांनी काळ्या बाजूचं शेवटचं गाणं 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' सादर केलं. गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, अल्बम पाचव्यापर्यंत. ज्या राज्याला नकाशात जागा नव्हती त्याचं नाव अख्ख्या इंग्लंडने टीव्हीवर ऐकलं.

अल्बमचं कव्हर तुम्ही नक्की पाहिलं आहे, फक्त ते या अल्बमचं आहे हे माहीत नसेल. काळ्याकुट्ट अंधारात चार चेहरे, मधे फ्रेडी, हात छातीवर फुलीसारखे. फोटोग्राफर मिक रॉकने ही पोझ मार्लीन डीट्रिखच्या १९३२ च्या 'शांघाय एक्सप्रेस' या सिनेमाच्या फोटोवरून घेतली. पुढे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या व्हिडिओत तेच चित्र जिवंत केलं गेलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'क्वीन टू' हा शंभर टक्के हेवी मेटल अल्बम नाही. मेटलचा पाया ब्लॅक सॅबथने १९७० मध्येच घातला होता. डीप पर्पल, लेड झेपेलिन होते. त्यांच्याकडे वजन होतं, अंधार होता, ताकद होती. क्वीनने त्यात भर घातली ती नाटकाची, कोरसाची आणि कल्पनेतल्या दुनियेची. आज युरोपात पॉवर मेटल नावाचा जो अख्खा प्रकार आहे, तलवारी, ड्रॅगन आणि चर्चमधल्यासारखे समूहस्वर, त्यातलं किती तरी इथून निघालं आहे. जर्मनीच्या ब्लाइंड गार्डियन या बँडचे कोरस ऐका, क्वीनचं ऋण लपत नाही. त्यांनी क्वीनचं गाणंही रेकॉर्ड केलं आहे. अमेरिकेच्या ड्रीम थिएटरने २००९ मध्ये क्वीनची तीन गाणी जोडून गायली. गन्स अँड रोझेसचा ॲक्सल रोझ तर 'क्वीन टू'चा जाहीर भक्त.

नाटक आणि कोरस या अल्बमने दिले. मेटलचा वेग मात्र पुढच्या अल्बममध्ये आहे.

१९७४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर ब्रायन मेला कावीळ झाली आणि बँड परतला. ब्रायन दवाखान्यात असतानाच बाकीच्यांनी तिसऱ्या अल्बमचं काम सुरू केलं. 'शीअर हार्ट अटॅक' ८ नोव्हेंबर १९७४ ला बाजारात आला. आठ महिन्यांत दुसरा अल्बम. त्यात 'स्टोन कोल्ड क्रेझी' होतं. रेकेजच्या दिवसांतली संथ चाल जाऊन आता ते सव्वादोन मिनिटांचं वादळ झालं होतं. इतकं जलद की शब्द पकडता येत नाहीत. गाण्यावर नाव कुणाचं टाकायचं हा प्रश्न आला, तर नेमकं कुणी काय लिहिलं ते कुणालाच आठवेना. मग चौघांचंही नाव टाकलं. क्वीनच्या गाण्यावर चौघांचं नाव येण्याची ती पहिली वेळ.

थ्रॅश मेटल म्हणजे मेटलचा तो अतिवेगवान प्रकार ज्याने मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ घडवले. तो जन्माला आला ऐंशीच्या दशकात. मेटॅलिकाचा पहिला अल्बम १९८३ चा. हे गाणं त्याच्या नऊ वर्षं आधीचं.

१९७५ नंतरची कथा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पळत जाऊ. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नऊ आठवडे पहिल्या नंबरवर. १९७७ मध्ये 'वी विल रॉक यू'. मग केस कापले, मिशी आली, डिस्को आलं. मेटलवाले नाराज झाले. १३ जुलै १९८५ ला वेम्बलीवर लाइव्ह एड, जिथे २० मिनिटांत फ्रेडीने सगळ्यांना खाऊन टाकलं. मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेसोबत अल्बम. जगभर दौरे झाले, दक्षिण अमेरिकेत स्टेडियम भरले, जपानमध्ये पोरी विमानतळावर रडल्या. भारतात मात्र क्वीन त्याच्या हयातीत कधीच आला नाही.

आणि इथे आपल्याला जरा अडखळायला होतं. आपण फ्रेडी मर्क्युरी आपला, पाचगणीचा, असं म्हणतो. त्याने कधी तसं म्हटलं का? फार क्वचित. मुलाखतीत बालपणाचा विषय तो टाळायचा. पारशी मुळाबद्दल विचारलं तर इराणकडे बोट दाखवायचा. पाचगणीच्या जुन्या मित्रांपैकी बहुतेकांशी त्याने संबंध ठेवले नाहीत. त्याच्या कित्येक ब्रिटिश चाहत्यांना तो आशियाई वंशाचा आहे हे तो गेल्यानंतर कळलं.

याचा राग यायचं कारण नाही. ज्या देशात आशियाई दिसलं तर मार बसत होता तिथे रॉकच्या स्टेजवर उभं राहायचं, तर बुलसारा हे नाव घेऊन कुणी आत घेतलं असतं का, हा विचार करून बघा. त्यात त्याला पुरुष आवडत होते. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत तो तुरुंगात जायचा गुन्हा होता, आणि नंतरही वर्तमानपत्रं अशा माणसाच्या मागे कुत्र्यासारखी लागायची. त्यामुळे त्याने घरचं, धर्माचं, प्रेमाचं सगळं दाराआड ठेवलं. गाण्यात मात्र ते कुठून ना कुठून गळत राहिलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मध्यभागी अरबी प्रार्थनेचा शब्द येतो, १९७८ च्या 'मुस्तफा'ची सुरुवात तर अजानच्या चालीसारखी आहे. झांझिबारच्या गल्लीत वाढलेल्या पोरालाच ते सुचेल. लंडनच्या समीक्षकांना त्यात गंमत दिसली, पत्ता दिसला नाही.

१९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. त्या आजारावर तेव्हा धड औषध नव्हतं आणि नाव काढलं तरी माणसं लांब पळायची. त्याने हेही लपवलं. बँडमधल्या तिघांना काही काळाने सांगितलं आणि त्या तिघांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. दौरे बंद, पण स्टुडिओ चालू. चालणं अवघड झालं तरी गाणं थांबलं नाही. 'इन्यूएंडो' हा अल्बम फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या आठवड्यात आला आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच महिन्यात तिकडे न्यूयॉर्कमध्ये मेटॅलिकाला तो ग्रॅमी मिळाला.

तो ग्रॅमी कसा मिळाला तेही सांगतो. इलेक्ट्रा नावाच्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीला १९९० मध्ये ४० वर्षं झाली. कंपनीने ठरवलं की आमच्या आजच्या कलाकारांनी आमच्याच जुन्या कलाकारांची गाणी गायची आणि त्याचा एक अल्बम काढायचा. क्वीनचे सुरुवातीचे अल्बम अमेरिकेत इलेक्ट्राने काढले होते, मेटॅलिकाही इलेक्ट्राकडेच. मेटॅलिकाने निवडलं 'स्टोन कोल्ड क्रेझी'. त्यांनी गिटार जाड केली, जेम्स हेटफिल्डने काही शब्द बदलले. सांगाडा मात्र तोच राहिला. मेटॅलिका कुठे संपते आणि क्वीन कुठे सुरू होते ते कळत नाही, आणि मला वाटतं याहून मोठा पुरावा द्यायची गरज नाही.

२३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. २४ तासांच्या आसपास, २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, केन्सिंग्टनच्या आपल्या घरी तो गेला. वय ४५.

अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं होती. एल्टन जॉन होता, बँडमधले तिघे होते. विधी पारशी दस्तुरांनी केले. ज्या अवेस्ताच्या प्रार्थना फारुखने लहानपणी घरात ऐकल्या असतील त्याच प्रार्थना लंडनच्या स्मशानभूमीत म्हटल्या गेल्या. तिथे जमलेल्या रॉकच्या दुनियेतल्या लोकांना त्यातला एक शब्द कळण्याचं कारण नव्हतं. देह दहन केला. अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे मेरी ऑस्टिन या मैत्रिणीकडे दिल्या. तिने त्या कुठे ठेवल्या हे आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

पाच महिन्यांनी, २० एप्रिल १९९२ ला, वेम्बली स्टेडियमवर त्याच्यासाठी कार्यक्रम झाला. ७२ हजार लोक आले. सुरुवात कुणी केली? मेटॅलिकाने. त्यांच्यामागोमाग एक्स्ट्रीम, डेफ लेपर्ड, गन्स अँड रोझेस. पॉपचे मोठमोठे गायक नंतर आले, पण आधी मेटल आणि हार्ड रॉकवाल्यांनी हजेरी लावली.

मग क्वीनचे उरलेले तिघे मंचावर आले. त्यांच्यासोबत गिटार घेऊन टोनी आयोमी उभा राहिला. हा ब्लॅक सॅबथचा, म्हणजे ज्या माणसापासून हेवी मेटल सुरू झालं असं मानतात तो. माईक घेतला जेम्स हेटफिल्डने, हातात गिटार नसताना, जे तो सहसा करत नाही. गाणं तेच, 'स्टोन कोल्ड क्रेझी'.

यूट्यूबवर ते आहे, सव्वादोन-अडीच मिनिटांचा मामला. पण त्याआधी वेळ काढून 'क्वीन टू'ची काळी बाजू ऐका, 'ऑगर बॅटल'पासून, मधे गाणं न तोडता. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. पहिले काही सेकंद आवाज उलटा येईल. तुमचं नेट बिघडलेलं नाही, ते गाणं तसंच आहे.